आयलीआत्या आणि चुगलीखोर बेरी

मिनेसोटाच्या जंगलात आमची आयलीआत्या चाळीस वर्षं ब्लूबेरी तोडतेय. काळ्या अस्वलांनाही तीच फळं आवडतात, म्हणून आमच्याकडच्या बायका तोडताना सतत बोलत राहतात. माणसाचा आवाज आला की अस्वल आपणहून बाजूला होतं. पण रोज बोलायचं काय? आत्या आपल्या वहिनीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, चुगल्या करते. चाळीस वर्षांत तिला दुसरा विषय सुचलेला नाही.

परवा अस्वल अगदी समोर आलं. फुसफुसलं, दात कटकटवले, पंजा जमिनीवर आपटला आणि धावून आलं. घाबरलेलं अस्वल अशी हूल देतं, हे आत्याला पाठ आहे. ती जागची हलली नाही. दोन्ही हात वर करून शांतपणे म्हणाली, "हे बघ बाबा, तूच सांग. इर्यावहिनीच्या हातचा मासा मांजरसुद्धा खात नाही. वर माझ्या आईची किटली ढापली ती ढापलीच."

अस्वल थांबलं आणि मुकाट्याने निघून गेलं.

झुडपामागून आई बाहेर आली. ती नुकतीच पोचली होती आणि अस्वल दिसताच नियमाप्रमाणे न पळता गप्प उभी होती.

"किटली मी ढापली काय गं?" ती फुसफुसली, दात खाल्ले, बादली जमिनीवर आपटली.

आत्याने पुन्हा हात वर केले. "वहिनी, मासा तसा बरा असतो हं," असं हळू आवाजात म्हणत, पाठ न दाखवता ती मागे सरकू लागली.

अस्वल हूल देऊन थांबतं. आई थांबली नाही.