डावा पाय, वहीप्रमाणे

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि बाबांचा धडधाकट पाय अडकवून ठेवणाराही पहिला मीच.

आजही गौरीची ढोलकी ऐकली की मला त्या निळ्या पट्टीच्या गोंदाचा वास येतो. त्या वर्षी बाबा पेंढ्याच्या उडवीवरून घसरले. प्लास्टर निघालं, पण घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा जाम! गौरीच्या नाचात आमच्या आळीचा फेर माझ्या जन्माआधीपासून बाबाच धरायचे. "यंदा नाय जमलं तं फेर दुसऱ्याच्या हातात जाईल रं," एवढंच म्हणाले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मी त्यांना खालापुराहून थेट कर्जतला, भिसेगावात फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं. मॅडमनी टाच धरून घोटा हलक्या हाताने ओढून, ढकलून मोकळा केला आणि वर निळी चिकटपट्टी लावली. "पुढच्या आठवड्यात घरी तुम्हीच करा," म्हणाल्या आणि पट्टीचं रीळ हातात दिलं. मी लगेच वही काढली. (आम्ही शिकलेली माणसं!) बाबांसमोर उभा राहून, पट्टीचा पाय माझ्या डाव्या हाताला दिसला तसा टिपला: 'डावा'. खाली दोन रेघा!

गौरीच्या दिवशी दुपारी, मॅडमची पट्टी केव्हाच निघून गेलेली, मी वही उघडून बसलो.

"आरं, ह्यो नाय, त्यो!"

"बाबा, वहीत डावा लिहिलाय."

"पन दुखतोय त्यो..."

"लिहिलंय!"

बाबांनी डावा पाय पुढे केला. उभा जन्म अंगठा उठवलेल्या त्या माणसाने माझ्या अक्षरापुढे स्वतःची कळ खोटी मानली. "आसंल बाबा. डाव्याची नस उजव्यात जात आसंल."

टाच धरून ओढली. घोटा लोण्यासारखा फिरला! "बघा, पहिल्याच ओढीत मोकळा!" मी घामाघूम, आई कौतुकाने बघतेय. मग पट्टी. मॅडमनी दोन पदर लावले होते. मी खात्रीसाठी अख्खं रीळ संपवलं.

बाहेर ढोलकी वाजली तेव्हा आई सावकाश म्हणाली, "प्लास्टर उजव्याला व्हतं ना रं?"

मी घाईघाईने पट्टीचं टोक उपटलं. पट्टीबरोबर केस आले आणि केसांबरोबर बाबांची किंकाळी!

"ऱ्हाऊ दे! हात लावू नको! आता हिच्यासकट नाचतो."

आणि नाचले! उजवा दुखरा, डावा खांबासारखा ताठ. दोन पावलं टाकायची, डावा पाय फरफटत आणायचा, वर ठोका! मागच्याला वाटलं, नवी चाल आहे, त्यानेही ओढला. बघता बघता अख्खा फेर डावा पाय ओढत फिरू लागला.

शेजारच्या आळीतल्या एकाने ओरडून विचारलं, "मामा, ही चाल कुनी बसवली वो?"

बाबांनी छाती फुगवून फेराच्या शेपटाला असलेल्या माझ्याकडे हात केला. "आमच्या पोरानं! लिवून आनलीय त्यानं!"

लाजेने मी मान खाली घातली. बघतो तर, माझाही डावा पाय फरफटत होता!