मारुतीला जायची वाट

चिकलठाण्याच्या आमच्या भावकीनं जमिनी विकल्या, त्याबद्दल मला रडायचं नाही. पैसा आला, घरं झाली, पोरं शिकली. विकताना थोरल्या दिरांनी एकच अट घातली होती. रानातलं मारुतीचं देऊळ आणि त्याचा ओटा सोडून बाकीचं घ्या. बिल्डरनं ते मान्य केलं. आपण लई शहाणपणा केला असं आम्हाला वाटलं.

देवळाला जायची वाट मात्र कुणीच ठेवली नाही. ते सुचलंच नाही. रानात वेगळी वाट कुठं असते? बांधावरून जायचं, पीक निघालं की सरळ आडवं जायचं. बांध कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं. ज्यानं त्यानं आपलं रान विकलं आणि त्याच्याबरोबर बांधही गेले. आता देऊळ आमचं आहे, पण ते परक्या सोसायटीच्या भिंतीच्या आत आहे, पार्किंग आणि पोरांच्या घसरगुंडीच्या मधे.

पहिल्यांदा गेटवर अडवलं तेव्हा माझ्या हातात तेलाची वाटी होती.

"मावशी, कोणाकडं जायचंय?" वॉचमननं विचारलं.

"मारुतीकडं."

"कोणता फ्लॅट?"

"तळमजला. तुझा बाप जन्मायच्या आधीपासून तिथंच राहतो."

तो हसला, पण आत फोन लावल्याशिवाय सोडलं नाही.

तेव्हापासून मला घरात बसवत नाही. दुपारी डोळा लागला की गेट बंद झाल्यासारखं वाटतं आणि उठून बसते. मुलगा म्हणाला, देव उचलून जालना रोडच्या आपल्या प्लॉटवर नेऊ, मोठं देऊळ बांधू, येणारे जाणारे थांबतील. सुनेलाही ते पटलं. मी विचारलं, पोळ्याला बैल कुठं फिरवणार, हायवेवर? तो म्हणाला, बैल उरलेत किती. ते खरंच होतं. भावकीत एकच जोडी आहे, माझ्या पुतण्याची, आणि तीही त्यानं हट्टानं ठेवली आहे. पण पोळ्याला त्या मारुतीला फेरी घातल्याशिवाय आमच्या बैलांच्या तोंडाला पुरणपोळी लागत नाही.

पोळ्याआधी मी आणि पुतण्या सोसायटीच्या चेअरमनकडं गेलो. माणूस सभ्य. चहा दिला. म्हणाला, माणसांनी कधीही यावं, जनावरं नकोत, फरशीवर शेण पडतं, मुलं घाबरतात. शेणाचं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तसं मी त्याला सांगितलं.

"पण माणसं तुम्ही पाहुणी म्हणून सोडता," मी म्हटलं. "बैल गेले तरच वहिवाटीचा हक्क आमचा राहतो."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आजी, म्हणूनच तर नको म्हणतोय."

त्याच्या खरं बोलण्याचा मला राग आला नाही. धास्ती मात्र वाढली.

पोळ्याच्या संध्याकाळी शिंगं रंगवलेली, झूल घातलेली जोडी घेऊन आम्ही गेटसमोर उभे राहिलो. वॉचमननं गेट लावून घेतलं. आम्ही भांडलो नाही, नुसते उभे राहिलो. कंपनीतून लोक घरी यायची वेळ होती. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. गाड्या आत घ्यायच्या तर गेट उघडावंच लागणार होतं. ते उघडलं आणि सगळ्यांच्या आधी बैल आत गेले.

फेरी झाली. एका बैलानं शेण टाकलंच. मी घमेलं बरोबर नेलं होतं, शेण भरलं, फरशी पुसली. चेअरमन गॅलरीतून बघत होता. खाली मात्र आला नाही.

पुढच्या वर्षी तो पोलीस बोलावील की काय, कुणास ठाऊक. मी रोज सकाळ संध्याकाळ जाते. मुलगा म्हणतो, गुडघे दुखतात तर एक दिवसाआड जा. त्याला कळत नाही. रानात पायाखाली पाऊलवाट तरी पडायची, या फरशीवर काही उमटत नाही. म्हणून मी गेटवर वॉचमनशी मुद्दाम मोठ्यानं बोलते. चार बिऱ्हाडांनी खिडकीतून बघावं, म्हातारी आजही गेली.