नकाशातली सरळ रेघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. ती गेली त्या दिवशी मनात आले — आता हिला सांगावे लागणार नाही. आणि हायसे वाटले. त्या दिवशी! यावरून मी कसला माणूस आहे ते ओळखा.

ज्या मुख्य अभियंता कार्यालयात माझी नोकरी झाली, त्याचा इतिहास लिहून द्या, असा गेल्या महिन्यात निरोप आला. जुन्यांपैकी मीच उरलो आहे. वीस पाने लिहिली. कौलारू इमारत, पहिले पंप, दुष्काळातले टँकर, कोणते साहेब कधी आले, कधी बदलून गेले. एकही खाडाखोड नाही. अकराव्या पानावर एक वाक्य आहे — शहराच्या जुन्या नळांचा पहिला संपूर्ण नकाशा याच काळात तयार झाला. तो नकाशा माझा. आजही तो तिथे काचेच्या चौकटीत लटकतो, कोपऱ्यात माझी सही आहे. ते वाक्य लिहिताना मला किळस आली. नुसते म्हणायचे म्हणून सांगत नाही. उठून मोरीपाशी जावे लागले.

नकाशापूर्वी हे नळ कुठे होते? चावीवाल्यांच्या डोक्यात. रस्त्यातल्या चाव्या फिरवून पाळीपाळीने गल्ल्यांना पाणी सोडणारी ही माणसे. त्यांतला सगळ्यात जाणता मल्लप्पा, अक्कलकोटकडचा. बारा वर्षे रोजंदारीवर होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नुकतेच लागले होते. लोखंडी कांब जमिनीला टेकवायची, वरचे टोक कानाला लावायचे, आणि खाली पाणी कुठे वाहते ते सांगायचे — ही त्याची विद्या. दोन महिने तो पुढे आणि मी वही घेऊन मागे, असे आम्ही शहर पालथे घातले. वाटेत बायका त्याला अडवीत.

“काय ओ चावीवाले, आमच्या बोळाशी वैर हाय का तुमचं?”

“वैर न्हाय मावशी, चढ हाय. पाण्याला बी दम लागतोय की.”

शेवटी एकच बोळ राहिला. मे महिना होता. बोळाच्या तोंडाशी गटार तुंबलेले, त्यात काहीतरी मरून फुगलेले. मी नाकाला रुमाल लावून बाहेरच थांबलो.

“आत या की सायेब. हितं नळ वाकडा हाय, गटाराखालनं जातोय. मापं घ्या.”

उद्या, मी म्हणालो. तो हसला. “कागदावर पाणी सरळ जातंय सायेब, जमिनीत न्हाय जात.”

दुसऱ्या दिवशी मी पंख्याखाली बसलो आणि पट्टी लावून त्या बोळात, गटारापासून लांब, सरळ रेघ ओढली. त्याने सांगितलेले वळण का काढले नाही? वळण काढले तर मापे लिहावी लागतात. मापांसाठी आत जावे लागले असते. रेघेखाली मी लिहिले — प्रत्यक्ष पाहणीवरून.

पुढच्या वर्षी त्याच नकाशावरून बोळातले गटार खोल करायला घेतले. टिकावाने नळाला तडा गेला. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती, नळ कोरडा होता. कोणाला कळले नाही, मजुरांनी माती लोटली. रिकामा नळ आजूबाजूचे आत ओढून घेतो. पाळीच्या दिवशी बोळाला जे आले, ते गटार होते. निम्मा बोळ उलट्या-जुलाबांनी आडवा झाला. कोणी दगावले नाही, यात माझे काही कर्तृत्व नाही. एका बाईने तिथली बादली उचलून थेट कार्यालयात आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पाणी काळे. वर तवंग, आत काही वळवळणारे.

“तोंड धुवा की सायेब ह्यानं.”

मी पुन्हा रुमाल काढला.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी विचारले, नकाशा चुकला कसा? मल्लप्पा चपला काढून दाराशी उभा होता. मी म्हणालो — चावीवाल्याने दाखवले तसे आखले. चार शब्द. स्वर स्थिर होता, हे मला पक्के आठवते.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे. मग तो म्हणाला, “सायेब म्हणतेत तर तसंच असंल.”

तो भ्याला, असे मी समजलो. जिन्यात त्याने मला गाठले. “मोठ्या सायबांपुढं तुमास्नी खोटं कसं पाडायचं? तुमीच खरं सांगा नंतर. सावकाशीनं.” भ्यालेला कोण होता? मी मान हलवली. होकारार्थी.

आठ दिवसांत त्याला कामावरून काढले. कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव गेले. मला नकाशासाठी बढती मिळाली. त्यानंतर वीस वर्षे मी त्याच इमारतीत काम केले. मोठ्या साहेबांची खोली माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर होती. एकदा सात रस्ता चौकात मल्लप्पा पाठीवर पोती वाहताना दिसला. त्यानेही मला पाहिले, आणि ओझ्याखालून हात कपाळाशी नेला. मी रिक्षावाल्याला म्हणालो, चल. पुढे तो वारल्याचे शिपायाकडून कळले. मी ‘बरं’ म्हणालो आणि सहीसाठी पुढची फाईल ओढली.

काल ती वीस पाने पोहोचती करून आलो. अकरावे पान होते तसेच दिले. चौकटीतला नकाशाही पाहिला. काच नुकतीच पुसलेली होती. त्या बोळातली रेघ आजही सरळ आहे.

इथून, जुळे सोलापुरातून, रिक्षाने तो बोळ पंधरा मिनिटांवर आहे. मी अजून आत गेलेलो नाही.