थांबाबाईच्या कढईवरचे दोन शेरे

परवाना कार्यालयाच्या अर्जात एक रकाना आहे: 'पदार्थ बिघडू नये म्हणून घेतली जाणारी काळजी'. शेजारीण म्हणून अर्ज मी भरत होते. थांबाबाईने मला सांगितलं, "लिही, थांबते." मी तेवढंच लिहिलं. अर्ज परत आला. कारकुनाच्या मते थांबणं ही काळजी होत नाही. ज्या कार्यालयात एका सहीसाठी माणसं तीन-तीन आठवडे बाकड्यावर झिजतात, तिथे थांबण्याला काही किंमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला मी तिथेच ऐकवणार होते. पण अर्ज तिचा होता, म्हणून गिळलं.

थांबाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ती सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. नवशिके डॉक्टर घाबरून हातपाय गाळायला लागले की ही कोपऱ्यातून शांतपणे म्हणायची, थांबा जरा. डॉक्टर आधी चिडायचे आणि मग थांबायचे. बहुतेक वेळा हिचंच खरं व्हायचं. या कामगिरीबद्दल निवृत्तीच्या दिवशी इस्पितळाने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता वेळ बघत बसा, असंच म्हणायचं असेल बहुधा.

घरी मुलगा, सून आणि दोन खोल्या. मुलगा म्हणाला, आई, आता फक्त आराम. आराम म्हणजे फ्रीज आणि दार यांच्या मधोमध ठेवलेली एक खुर्ची. कुणाला फ्रीज उघडायचा असला की तिने पाय वर घ्यायचे, फ्रीज बंद झाला की खाली सोडायचे. सहा महिने तिने हा आराम मुकाट्याने केला. सातव्या महिन्यात कढई खाली काढली.

गोड मसाल्याचे दाणे ती नोकरीत असल्यापासून करायची आणि वॉर्डातल्या नर्सबायांसाठी डबा भरून न्यायची. शेंगदाणे, मूठभर बदाम, साखर, पाणी, आणि शेवटी दालचिनी, लवंग, मिरपूड, मीठ. यात काय मोठंसं, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. घरी करून पाहिले. नवीन कढई घ्यावी लागली.

पुड्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये ठेवायला लागली आणि बाई बदलली. सून आधी नाक मुरडायची, घरभर लवंगेचा वास सुटतो म्हणायची. पुढे तीच पुड्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवायला बसू लागली. रोज सकाळी पिशवी घेऊन थांबाबाई त्याच जुन्या गेटातून आत शिरायची. गेटवरचा शिपाई उठून उभा राहायचा, नर्सा हाका मारायच्या. पैशांची तिला गरज नव्हती असं मी म्हणणार नाही, तशी माणसं मला अजून भेटायची आहेत. पण मनातून तिला ते गेट हवं होतं.

मग कँटीनवाल्याने सांगितलं, मावशी, वरून हुकूम आलाय, एक तारखेपासून परवाना नसलेला माल ठेवता येणार नाही. त्याच कँटीनच्या समोशाचं तेल मी तीन वर्षं ओळखते, त्याला मात्र परवाना आहे.

चौथ्या खेपेला अर्ज पास झाला आणि प्रात्यक्षिकाची तारीख मिळाली: अठ्ठावीस. नापास झालं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. म्हणजे दोन महिने परत फ्रीजशेजारी, आणि तोवर कँटीनवाल्याने ती जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असणार. हे तिला ठाऊक होतं. सकाळी तिने दोनदा वेणी घातली.

परीक्षेला होत्या प्रशिक्षिका मॅडम. डोक्यावर कागदी टोपी, एका हातात छापील पत्रक, दुसऱ्या हातात घड्याळ. गृहउद्योगावर त्यांनी दोनशे व्याख्यानं दिल्याचं बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं. किती उद्योग केले, ते लिहायला फलकावर जागा उरली नसावी. बाजूला परवाना साहेब नोंदवही उघडून बसले होते. घरच्या पदार्थाची परीक्षा असल्यामुळे घरच्यांपैकी कुणाला आत सोडत नव्हते. मी मदतनीस म्हणून घुसले.

दहा वाजता गॅस पेटला. साखरपाणी उकळलं, दाणे पडले, थांबाबाई पळी फिरवू लागली. पाणी आटत गेलं. आणि सात मिनिटांनी जे व्हायचं ते झालं: चकचकीत पाक एकाएकी सुकला, दाण्यांवर पांढरी रवाळ साखर चढली, कढईत जणू कुणी वाळू ओतली.

मॅडम म्हणाल्या, साखर बसली, माल गेला. पत्रकात लिहिल्याप्रमाणे बिघडलेल्या मालावर ओतायला त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि साहेबांना सांगितलं, लिहा. साहेबांनी शाईने लिहिलं: दहा वाजून सात, माल बिघडला, अनुत्तीर्ण. सरकारी काम इतक्या वेगाने झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते हे.

मी तोंड उघडणार इतक्यात थांबाबाईने डाव्या हाताने माझी बाही ओढून मला खाली बसवलं. उजव्या हातातली पळी चालूच होती. मॅडमचा पेला कढईवर आला तसा तिने तो मनगटानेच बाजूला सारला.

"हात मागे घ्या, बाई. आता कुठे सुरुवात झालीय."

मॅडमचा हात मागे गेला. का गेला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या आवाजाने मोठमोठ्या डॉक्टरांना हात मागे घ्यायला लावले होते.

तिने गॅस बारीक केला. पळी तळापासून फिरत राहिली. मग कडेची वाळू ओलसर झाली, वितळली, तांबूस झाली आणि एकेका दाण्याला अंगभर चकाकी आली. गॅस बंद करून तिने मसाला भुरभुरला, तूप लावलेल्या ताटात दाणे पसरले आणि दोन चमच्यांनी सुटे केले. गार होताना ते बारीक तडतडत होते. साहेबांनी चव म्हणून एक घेतला. मग खात्री म्हणून आणखी चार. मॅडमनी पत्रक उलटं करून पाहिलं, मागे काही छापलंय का म्हणून.

पण पंचाईत पुढेच होती. साहेब तोंड पुसत म्हणाले, मावशी, दाणे उत्तम आहेत, पण शेरा पडलाय आणि नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. दोन महिन्यांनी या.

थांबाबाईने हात धुतले, पुसले आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसली. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

तिने त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. एक मूल जन्मलं ते निळं, रडेना. डॉक्टरांनी हात टेकले आणि कागदावर लिहून टाकलं, गेलं म्हणून. ही पाठ चोळत राहिली. नऊ मिनिटांनी ते रडलं. तेव्हाही डॉक्टर हाच प्रश्न घेऊन बसले होते, की लिहिलेलं आता खोडायचं कसं.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मी म्हटलं, खोडू नका. खाली लिहा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली: दहा वाजून सोळा, माल उत्तम, उत्तीर्ण. सही मॅडमची लागणार होती. त्यांनी ती केली, आणि निघताना एक पुडी बांधून घेतली, नमुना म्हणून.

परवान्यावर दोन्ही शेरे जसेच्या तसे उतरले, कारण नक्कल करताना गाळायचा अधिकार कारकुनाला नाही. कँटीनवाल्याने तो काचेत लावलाय. लोक पहिली ओळ वाचून दचकतात आणि दुसरी वाचून पुडी मागतात. मॅडम हल्ली व्याख्यानात सांगतात म्हणे, की साखर रवाळ झाली तर घाबरू नये, हा आपला अनुभव आहे. मी जाऊन भांडणार होते. थांबाबाई म्हणाली, राहू दे, निदान लोकांच्या कढया तरी वाचतील.

फ्रीजशेजारच्या खुर्चीवर आता शेंगदाण्याचं पोतं असतं. फ्रीज उघडायचा झाला की मुलगा ते उचलून बाजूला ठेवतो आणि परत जागेवर आणतो. कुरकुरतो थोडा, पण तोवर त्याची आई गेटातून आत गेलेली असते.