पद्माकर देवस्थळींचा निळा पासपोर्ट

ब्रिटनमधल्या हाउन्सलोच्या एका मालगोदामात पद्माकर देवस्थळींनी एकतीस वर्षं कागद तपासले. विमानातून उतरलेल्या खोक्याचा एक जरी कागद कमी असला, तरी ते खोकं जागचं हलायचं नाही. मग आत आंबे असोत की कुणाच्या लग्नाचा शालू. "कागद पुरा, तर माल पुढे," एवढंच ते म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, नुसता खडूस होता. आणि अशा माणसाच्या घरात बायको, मुलगा, सून, नात, सगळ्यांचे पासपोर्ट ब्रिटिश, लाल. यांचा एकट्याचा मात्र भारताचा, निळा.

त्याला कारण होतं. १९८८ साली शेजारच्या मुरलीधरचे वडील नाशकात वारले, तेही शुक्रवारी. मुरलीधर नुकताच ब्रिटिश झालेला, म्हणजे भारतात जायला आता व्हिसा हवा. व्हिसाची खिडकी उघडली सोमवारी. तो पोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. तेव्हापासून पद्माकरांच्या मनाने घेतलं. साताऱ्यात त्यांची थोरली बहीण यमुनाअक्का एकटीच होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. तिच्या वेळेला आपण खिडकीपुढे ताटकळायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. बायको वीणाताई म्हणायच्या, "अहो, हल्ली व्हिसाऐवजी कार्ड मिळतं." हे म्हणायचे, "कार्डं आज निघतात, उद्या बंद होतात." हट्टाला औषध नसतं.

२००३च्या जुलैत, नोकरी संपल्यावर, वीणाताईंनी त्यांना अक्षरशः ओढून जर्मनीतल्या बव्हेरियाला नेलं. सात वर्षांची नात सिया बरोबर होती. चार दिवस किल्ले, तळी आणि बर्फाची शिखरं बघण्यात गेले. एका राजाला एवढे मनोरे लागतात कशाला, असं पद्माकर पुटपुटत राहिले, पण मनातून खूश होते.

पाचव्या दिवशी बोडनझे तलावावर बोटीची फेरी होती. त्या तलावाच्या काठाला तीन देश लागतात: जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. पद्माकरांच्या व्हिसावर पहिले दोन चालत होते, तिसरा नाही. शिवाय तो व्हिसा एकदाच आत शिरण्याचा. स्वित्झर्लंडच्या जमिनीवर पाऊल पडलं की जर्मनीत परत येण्याची वाट बंद. बोट स्विस धक्क्याला दहा मिनिटं थांबणार होती. तेवढा वेळ कुणीही जागेवरून उठायचं नाही, असं त्यांनी दोघींना तीन-तीनदा बजावलं.

बोट धक्क्याला लागली. वीणाताई टॉयलेटच्या रांगेत होत्या. पद्माकर मांडीवरची कागदपत्रांची फाइल चाचपत बसले होते. मान वर केली तर सिया जागेवर नव्हती. ती फळीवरून खाली उतरून काठावरच्या हंसांकडे धावत निघाली होती.

त्यांनी हाक मारली, ती गर्दीत विरली. शिट्टी वाजली. एक माणूस फळी ओढायला वाकला. पद्माकर फाइलसकट उठले आणि त्याला ओलांडून खाली उतरले. कागदाचा विचार न करता पाऊल उचलण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

सियाचा हात त्यांच्या हातात आला तेव्हा बोट सुटलेली होती. वरच्या डेकवर वीणाताई घाबरून हात हलवत होत्या.

धक्क्यावरच्या चौकीत पन्नाशीचा एक चष्मेवाला अधिकारी होता. त्याने पासपोर्ट उघडला, पान उलटलं, पुन्हा मागे आला. बोटांची ती चाल पद्माकरांच्या चांगलीच ओळखीची होती. सियाचा पासपोर्ट आजीच्या पर्समध्ये राहिला होता, पण त्याची फोटोकॉपी फाइलमध्ये होती. ती त्यांनी पुढे केली.

"मुलीला पुढच्या बोटीने पाठवता येईल," अधिकारी इंग्रजीत म्हणाला. "तुम्हाला नाही. आमचा व्हिसा तुमच्याकडे नाही, आणि तिकडचा संपला."

सियाने आजोबांकडे पाहिलं. "व्हाय नॉट? आजोबा, तुम्ही आमच्यामध्ये नाही?"

पोरीला एकटीला बोटीत बसवायचं कसं, आणि नाही बसवलं तर दोघांनी जायचं कुठे? समोरचा माणूस चुकत नव्हता. त्याच्या खुर्चीत आपण असतो तर आपणही सोडलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते घाबरले होते. दीड तास ते बाकावर सियाचा हात धरून बसले. आसपास लोक डोंगरांचे फोटो काढत होते.

पुढची बोट आली तेव्हा अधिकारी बाहेर आला. "मी शिक्का मारलेला नाही," पासपोर्ट परत देत तो म्हणाला. "कागदावर तुम्ही उतरलेलेच नाहीत. जा आता."

पद्माकर सियाला घेऊन बोटीत चढले.

हाउन्सलोला परतल्यावर रविवारी त्यांनी अक्काला फोन केला. सगळं सांगितलं. निळा पासपोर्ट कशासाठी जपलाय, तेही पहिल्यांदाच सांगितलं.

"म्हणजे पंधरा वर्षं तू माझ्या मरणाची तयारी करून बसलायस," ती म्हणाली. "अरे, मेल्यावर मला काय कळणार, कोण आलं नि कोण नाही? सहा वर्षं झाली तुझं तोंड बघून. जिवंत आहे तोवर ये की. व्हिसा लागला तर काढून ये."

पद्माकरांना भर दुपारी, वीणाताईंच्या देखत, रडू आलं.

ब्रिटिश नागरिकत्वाचा फॉर्म त्यांनी भरला, पण नोव्हेंबरात. त्याआधी ते दोन महिने साताऱ्याला अक्काकडे राहून आले, त्याच निळ्या पासपोर्टवर.