नागोरावांची खंडेनवमी

नागोराव वाशीमकडचे. हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर चोवीस वर्षं काढली; सुताचा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. पंचाण्णव साली कारखाना बंद झाला, तेव्हा त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरातच मराठी टायपिंग सुरू केलं. दोन बोटांनी टाइप करायचे, पण चूक शोधून सापडायची नाही.

त्यांच्याच गावाकडची अपेक्षा नावाची पोरगी आपला प्रबंध घेऊन आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो विद्यापीठात द्यायचा, नाहीतर वर्ष बुडणार. एकशेचाळीस पानं टाइप झाली, छापायची तेवढी राहिली, आणि मध्ये आली खंडेनवमी.

कारखान्यात त्या दिवशी मशीन उघडून, रॉकेलच्या बोळ्यानं लख्ख पुसून हळदकुंकू वाहायची रीत. झेंडूचं फूल टाकून मोकळे होणाऱ्यांतले नागोराव नव्हेत. त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, आतली डिस्क रॉकेलनं चकचकीत केली आणि मदरबोर्डावर ओल्या कुंकवाचं बोट ओढलं. आतपर्यंत कशाला जाता, असं त्यांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, विचारलंही. पण बायकोचं ऐकलं तर तो मिस्त्री कसला! बटण दाबलं, तर कॉम्प्युटर मुका.

बुधवार पेठेतल्या ज्या उजैरनं तो विकला होता, तो धावत आला. त्यानं कुंकू खरवडलं आणि बोर्डावरची एक चिमुकली टोपी हलवून सगळ्या सेटिंग पहिल्या दिवशी होत्या तशा केल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. नागोरावांनी हात जोडले, पण सगळी पानं जिच्यावर होती ती डिस्क काही त्याला दिसेना. मॉडेल जुनं, डिस्कची मापं, म्हणजे तिच्यातल्या कप्प्यांचे आकडे, त्याला हातानं भरून द्यावी लागत, आणि सेटिंगबरोबर तीही गेली होती.

"मापं डिस्कवरच्या लेबलवर असतात, काका," उजैर म्हणाला.

रॉकेलनं लेबल कोरं करून टाकलं होतं. कंपनीचं नावसुद्धा उरलं नव्हतं. उजैर दिवसभर अंदाजानं आकडे भरत राहिला आणि शेवटी खाली मान घालून गेला. जन्मभर मापं सांभाळणाऱ्या माणसाच्याच हातून मापं पुसली जावीत, याला काय म्हणावं? नागोराव जेवले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी अपेक्षा आली. त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. ती रडली नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. मग तिनं एवढंच विचारलं, "काका, पूजा कशाला केली?"

"चोवीस वर्षं केली, पोरी. माझं मशीन एकदाही बंद पडलं नाही. कारखानाच बंद पडला."

तिनं हातानं लिहिलेली पानं पिशवीत भरली आणि एका दिवसात कोण टाइप करून देईल, असं विचारलं. चार ऑपरेटर असलेल्या एका दुकानाचा पत्ता नागोरावांनीच कागदावर लिहून दिला. आज दसऱ्याचं ते बंद असणार, हे दोघांनाही माहीत होतं.