पाटीवरची डाळ

अण्णा गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मंडईत, मेथी निवडताना. सात रस्त्याजवळ त्यांचं किराणा दुकान, आणि वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलेली शाळामास्तरीण. मला कुणी निरोपही धाडू नये? आधी राग आला... मग वाटलं, धाडला नाही तेच बरोबर.

अण्णा अक्कलकोटकडचे. गिऱ्हाईक दिसलं की "बर्री, बर्री" म्हणून बोलवायचे. प्रत्येक पोत्यात भावाची पाटी खोचलेली, आणि भावाखाली त्यांची स्वतःची टीप. ज्वारीवर, 'मंगळवेढ्याची. थापताना कळंल.' गुळावर, 'माशांना इचारा.' वह्या तपासून डोकं उठलं की मी पाट्या वाचायला खाली उतरायची. चुका काढल्या की म्हणायचे, "अक्षर चुकलं आसंल, माप बरुबर हाय की."

पोतं पुरतं रिकामं करायचं नाही, हा त्यांचा नेम. तळातून लक्ष्मी उठून जाते म्हणे. आणीबाणी आली, शिल्लक माल फळ्यावर लिहिणं सक्तीचं झालं, आणि या भल्या माणसानं खरं तेच लिहिलं, 'तूरडाळ, शिल्लक अर्धा किलो.' आठवडाभर तेच. बाजारात डाळ नव्हती. मी मागितली तर म्हणाले, "ती बरकतीची हाय बाई, इकायची न्हाय." मी तणतणत वर गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर तावातावानं ते सांगितलं. माझी जीभ तेव्हा फार चालायची.

चार दिवसांनी तपासणीवाले आले. माल असून नाकारला म्हणून शेजारच्या गल्लीतला एक दुकानदार महिनाभर आत होता, त्यामुळे जीप पाहताच मी खाली धावले. साहेबानं पोतं उपसलं, डाळ मोजली आणि माझ्याकडे वळला.

"तुम्हाला डाळ नाकारली होती?"

मागितलीच नव्हती, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. अण्णा माझ्याकडे बघत होते. मला माझी नोकरी दिसली, साहेबाच्या हातातली वही दिसली... मी "हो" म्हटलं.

अकरा दिवसांनी अण्णा सुटून आले. पाट्यांवर आता नुसते आकडे. मला एका शब्दानं बोलले नाहीत, उलट मी उतरले की हातातलं काम टाकून उभे राहायचे. मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे, आदर ठेवतो. पुढं मी खोली बदलली.

गेल्या महिन्यात ते आजारी असल्याचं कळलं म्हणून गेले. माणसं ओळखेनाशी झाली होती, पोटच्या मुलालाही पाहुणा समजत होते. मला मात्र दारातच ओळखलं. धडपडत उठून बसले, हात जोडले.

"डाळ हाय बाई," म्हणाले, "सगळी देतो. सायबाला सांगू नका."